चालू झालं का ते?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षातील कोजागिरीच्या कार्यक्रमात गच्चीवर झालेल्या भाषणाचे शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. – संपादक मंडळ)



आधीच सांगते, मला भाषणाची सवय नाही. बँकेत तेहेतीस वर्षं काउंटरच्या आत बसून काढली. त्यामुळे समोरच्याचं ऐकून घ्यायची सवय आहे, बोलायची नाही. मागच्या महिन्यात सेक्रेटरींनी मला जिन्यात गाठलं आणि म्हणाले, "वहिनी, तुम्ही ते घरातल्या माणसांचं बोलणं रेकॉर्ड करता ना, त्यावर कोजागिरीला बोला. स्मरणिकेतही छापू." मी म्हटलं, अहो, त्यात सांगण्यासारखं काय आहे? तर म्हणाले, "नाहीतरी दूध आटेपर्यंत लोकांना बसवून ठेवायचंच आहे." तेव्हा दूध आटेपर्यंत मी बोलणार आहे. मधेच दूध उतू गेलं तर जबाबदारी कमिटीची.

सुरुवात माझ्या माहेरापासून करावी लागेल. माहेर चिपळूणचं. वडील, म्हणजे आमचे अण्णा, १९७९ साली मस्कतला नोकरीला गेले. कोकणातल्या पुष्कळ घरांतून त्या वर्षांत कुणी ना कुणी आखातात गेलेलं असायचं, तसंच आमचंही. घरी फोन नव्हता. ट्रंक कॉल लावायचा तर पोस्टात जाऊन तासन्‌तास बसायचं, आणि लागलाच तर तीन मिनिटांत "कसे आहात, बरे आहोत, आवाज येतोय का" यापलीकडे गाडी जायची नाही. पत्राला दोन-तीन आठवडे लागायचे. पहिल्या सुट्टीवर आले तेव्हा अण्णा एक नॅशनल पॅनासॉनिकचा टू-इन-वन घेऊन आले. रेडिओ आणि टेपरेकॉर्डर एकात. तिथून आमच्याकडे कॅसेटची पत्रं सुरू झाली.

इथे साठीच्या आसपासची जी मंडळी आहेत त्यांना आठवत असेल. मुलांसाठी सांगते. साठ मिनिटांची कॅसेट, एका बाजूला अर्धा तास. रात्री जेवणं झाली की आम्ही सगळे टेपरेकॉर्डरभोवती बसायचो. आजी पदर सावरून बसायची, आणि मस्कत लांब आहे म्हणून ओरडून बोलायची. आई आधी गप्प, मग एकदम पैशांचा हिशेब सांगायला लागायची, मग तिचा आवाज बारीक व्हायचा आणि ती भावाला म्हणायची, "आता तू बोल." गावातलं कुणी परत मस्कतला निघालं की त्यांच्या हाती ती कॅसेट द्यायची. महिन्या-दीड महिन्यानं दुसऱ्या कुणाच्या तरी हातून ती परत यायची. तीच कॅसेट. आमचं बोलणं अण्णा ऐकायचे आणि त्याच्यावरच स्वतःचं बोलणं भरून पाठवायचे. आम्ही ते ऐकायचो आणि पुन्हा त्याच्यावर आमचं.

हे मला फार उशिरा लक्षात आलं, की ते बोलणं साठवण्यासाठी नव्हतंच, पोचवण्यासाठी होतं. सात वर्षांत आम्ही केवढं बोललो असू! सगळं एकमेकांच्या बोलण्याखाली पुसलं गेलं.

एकच कॅसेट अण्णांनी वेगळी पाठवली होती, १९८३ च्या गणपतीत. कॅसेटच्या वरच्या कडेला प्लॅस्टिकचे दोन बारीक तुकडे असतात. ते मोडले की त्या कॅसेटवर दुसरं काही रेकॉर्ड होत नाही. अण्णांनी ते दोन्ही मोडून पाठवले होते. म्हणजे ही ठेवायची. पण मोडलेल्या जागी सेलोटेप चिकटवली की पुन्हा रेकॉर्ड करता येतं, हे मला मैत्रिणीनं शिकवलं होतं. मी सतरा वर्षांची. बुधवार होता, रेडिओवर बिनाका गीतमाला लागली होती आणि घरात दुसरी कॅसेट नव्हती.

पुढचं तुमच्या लक्षात आलं असेल. मला कुणी रागावलं नाही. अण्णा तर जिवंत होते, मस्कतला होते, दर महिन्याला बोलत होते. आवाजाचं काय एवढं, असंच सगळ्यांना वाटलं. १९८६ ला ते कायमचे परत आले. १९९४ ला गेले. त्या आठ वर्षांत टू-इन-वन कपाटावर होता, पण समोर बसलेल्या माणसाला रेकॉर्ड कोण करतं?

२०१६ साली गणपतीला माहेरी गेले होते. ट्रंक आवरताना ती कॅसेट सापडली. भावाकडे जुना प्लेअर होता, लावून बघितली. दुसऱ्या बाजूला गाणी वाजली, निवेदकाचा आवाज आला, मग खट्ट झालं. माझी गीतमाला संपली होती आणि फीत अजून थोडी उरली होती. त्या उरलेल्या फितीवर अण्णा होते. चाळीस सेकंद. म्हणत होते, "…आणि पागोळ्यांखाली बादली ठेवत जा, भिंतीत पाणी मुरतं. बेबीला म्हणावं सायकल उतारावर हळू. बरं. आता टेप संपत आली. ठेवतो."

ठेवतो म्हणाले. फोन ठेवतात तसं.

ती एक कॅसेट मी डोंबिवलीला घेऊन आले. ट्रंकेत आणखी सात-आठ होत्या. एकीवर आजीचं काहीतरी आहे असं भाऊ म्हणाला. मी म्हटलं, राहू देत, दिवाळीत आले की सगळ्या करू. माझ्या मुलानं प्लेअरच्या हेडफोनच्या भोकातून कॉम्प्युटरला वायर जोडली आणि ऑडासिटी नावाच्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर अण्णांचे ते चाळीस सेकंद उतरवून घेतले. अर्ध्या तासाचं काम. दिवाळी आली, गेली. बाकीच्या सात-आठ राहिल्याच. मग २२ जुलै २०२१ ला चिपळूणला पूर आला तो तुम्ही सगळ्यांनी टीव्हीवर पाहिला. भावाच्या घरात तळमजला पूर्ण पाण्यात होता. ट्रंक पलंगाखाली होती. पाणी ओसरल्यावर सगळ्या गल्लीतल्या लोकांनी घरातलं सामान चिखलासकट रस्त्यावर काढलं, त्यात ती ट्रंक गेली. भावाला विचारायची मला लाजच वाटली. ज्याच्या घरातला तांदूळ, गाद्या, फ्रीज, मुलांची सर्टिफिकिटं गेली त्याला मी कॅसेटचं काय विचारू? त्यानंच महिन्यानं फोनवर सांगितलं, "ताई, आजी पण गेली गं."

आता सासूबाईंकडे येते. इथले बरेच जण त्यांना ओळखतात. सकाळी खाली फुलं तोडायला यायच्या आणि वॉचमनला हजेरी विचारायच्या, त्या. २०१६ च्या त्या गणपतीनंतर मी ठरवलं, की आता समोर असलेल्या माणसाचं बोलणं ठेवायचं. त्या तेव्हा एक्क्याऐंशीच्या होत्या. मी अगदी तयारीनं बसले. वहीत प्रश्न लिहिले. त्यांना खुर्चीत बसवलं, नवा फोन समोर ठेवला आणि म्हटलं, "आई, तुमच्या लहानपणाबद्दल सांगा." त्यांनी घसा साफ केला आणि आकाशवाणीवर बोलावं तसं सुरू केलं, "माझा जन्म वाई येथे एका मध्यमवर्गीय कुटुंबात झाला." येथे! आयुष्यात कधी 'येथे' म्हणाल्या नव्हत्या. दहा मिनिटांत लहानपण, शाळा, लग्न, मुलं सगळं संपवून म्हणाल्या, "झालं. आता चहा टाक."

तीन-चार वेळा असंच झालं. मग मी एक चूक केली, ती सांगते. एकदा त्या कामवाल्या बाईंशी तावातावानं बोलत होत्या, छान रंगल्या होत्या, आणि मी फोन डब्यामागे लपवून रेकॉर्ड केलं. रात्री कौतुकानं सगळ्यांना ऐकवलं. सगळे हसले. त्या हसल्या नाहीत. पुढचे आठ दिवस घरात कुणी फोन हातात घेतला की त्या गप्प व्हायच्या. ते रेकॉर्डिंग मी त्यांच्यासमोर पुसलं आणि सांगितलं, की यापुढे विचारल्याशिवाय नाही. तेव्हापासून नियमच झाला. फोन ठेवायचा, त्यांना दाखवायचा, आणि त्या विचारायच्या, "चालू झालं का ते?" मी म्हणायचे, झालं. मग त्या दोन मिनिटं फोनकडे बघत बोलायच्या आणि नंतर विसरून जायच्या.

विसरायला कारण लागतं, हे मला मटारांनी शिकवलं. जानेवारीचे दिवस, पाच किलो मटार आणलेला, आम्ही दोघी जमिनीवर पेपर पसरून सोलत बसलेलो. फोन मधे. हात चालू असले की माणूस तोंडावर पहारा ठेवत नाही. जात्यावर बसलं की ओवी सुचते, ही म्हण आपल्याला पाठ असते, पण तिचा अर्थ मला त्या दिवशी कळला. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, एक लाखाहून अधिक. सासर, भाऊ, दारुडा नवरा, मुलगी, सगळं त्यात आहे. जे माणसाला सांगता आलं नाही ते जात्याला सांगितलं. आमच्याकडे जातं नाही. मटार होता.

त्या दिवशीचं सांगते. त्याआधी थोडं मागचं. माझं लग्न १९९० चं. तेव्हा डोंबिवलीत दोन खोल्यांचं भाड्याचं घर, मोरी स्वयंपाकघराला लागून, पाणी पहाटे पाऊण तास. पहिल्या वर्षी मला फार रडू यायचं. कारण मोठं नव्हतं. नोकरी, लोकल, नवं घर, आणि अण्णा आठवायचे. रडायला जागा एकच, मोरी. नळ सोडायचा म्हणजे आवाज ऐकू जात नाही. आणि रोज बाहेरून सासूबाईंचा आवाज यायचा, "नळ बंद कर. पाणी फुकट येत नाही." मी डोळे पुसून बाहेर. हे वाक्य मी सत्तावीस वर्षं मनात धरलं. माझ्या बहिणीला, मैत्रिणींना, सगळ्यांना सांगितलं होतं. आमच्याकडे रडायलासुद्धा पाणी मोजून मिळतं, असं म्हणायचे मी.

तर मटार सोलताना पाण्याचा विषय निघाला. सोसायटीत टँकर आला होता बहुतेक. मी थट्टेनं म्हटलं, "तुम्ही नाही का आई, मला नळ बंद कर म्हणून ओरडायच्या." त्यांचं उत्तर माझ्याकडे आहे, म्हणून शब्द जसेच्या तसे सांगते.

म्हणाल्या, "पाण्याचं कसलं गं. नळ फार वेळ वाहिला की हे उठून मोरीशी यायचे. पाण्याच्या बाबतीत फार कडक. येऊन तुझं रडणं ऐकलं असतं तर तुझ्या वडलांना पत्र गेलं असतं, मुलीला घेऊन जा म्हणून. मग मीच आधी ओरडायचे. माझं ऐकलं की ते परत आडवे व्हायचे."

मग शांतता आहे. अकरा सेकंद, मी मोजलेत. फक्त ताटलीत दाणे पडल्याचा आवाज येतो. मग त्या म्हणतात, "तुला जवळ घ्यायला हवं होतं. ते नाही सुचलं. मला कुणी घेतलं नव्हतं." आणि लगेच, "या शेंगा किडक्या आहेत. कुठून आणल्यास?"

मंडळी, एवढंच. मी त्यांच्या गळ्यात पडले वगैरे काही नाही. मी म्हटलं, "स्टेशनजवळून." रेकॉर्डिंगमध्ये माझा आवाज अगदी नेहमीसारखा आहे, ऐकून माझं मलाच आश्चर्य वाटतं. पण त्यानंतर ते मोरीचं वाक्य मी कुणाला सांगू शकले नाही. आज सांगतेय ती पहिल्यांदा.

आता एक गोष्ट मुद्दाम सांगते. आमच्या ह्यांना ते ऐकवलं तेव्हा हे म्हणाले, "बाबा असे नव्हते. ते कुणाला घेऊन जा म्हणाले नसते." हेही खरं असेल. सासूबाईंनी सत्तावीस वर्षांनी मागे वळून बघताना स्वतःला जरा बरं दिसेल असं रचलं असेल, तेही शक्य आहे. मी त्याचा निकाल लावलेला नाही. रेकॉर्डिंग म्हणजे पुरावा असं मला आता वाटत नाही. त्या दिवशी त्या असं म्हणाल्या, एवढं नक्की. आणि असं म्हणावंसं त्यांना वाटलं, हेही नक्की.

माझी मुलगी अमेरिकेत असते. तिला हे सांगितलं तर म्हणाली, "आई, इथे हे लोक ठरवून करतात." न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनात २००३ साली एक छोटी खोली उभारली होती. स्टोरीकॉर्प्स त्याचं नाव. त्या खोलीत एकमेकांच्या ओळखीची दोन माणसं जायची. आई-मुलगा, नवरा-बायको, दोन मित्र. चाळीस मिनिटं बोलायचं. एक प्रत तुमची, आणि तुमची परवानगी असेल तर एक प्रत त्यांच्या सरकारी ग्रंथालयात, लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये कायमची. बीबीसीनं २०१२ मध्ये ब्रिटिश लायब्ररीबरोबर असंच सुरू केलं. मला यातलं आवडलं ते हे, की मुलाखत घ्यायला बाहेरचा माणूस नाही. आपलंच माणूस आपल्या माणसाला विचारतं. मुलीनं त्यांच्या प्रश्नांची यादीही पाठवली. छान आहे. पण 'तुमच्या आयुष्यातला सर्वात आनंदाचा क्षण कोणता' असं आपल्याकडे विचारलं तर समोरचा म्हणतो, "आता काय सांगू." त्यापेक्षा "पहिला कुकर कधी घेतला?" असं विचारा. कुकरवरून माणूस कुठे कुठे जातं!

यात एक अवघड जागा येते, तीही सांगते. नणंदबाईंना विचारून सांगतेय, आणि जेवढं चालेल म्हणाल्या तेवढंच. त्या दिवाळीला आल्या होत्या तेव्हा मायलेकींचं बोलणं मी रेकॉर्ड केलं, दोघींना विचारून. वीसेक मिनिटं. त्यात नणंदबाईंच्या लग्नानंतरच्या एका काळाबद्दल बोलणं होतं. काय, ते सांगणार नाही. त्यातच एका ठिकाणी सासूबाई खदखदून हसल्यात. तुम्ही त्यांना ओळखता, त्या हसताना तोंडाला पदर लावायच्या. या एकाच ठिकाणी त्या मोकळं हसलेल्या होत्या.

सासूबाई डिसेंबर २०१९ मध्ये गेल्या. पुढे दोन वर्षांनी नणंदबाईंचा फोन आला. त्यांच्या घरी सून येणार होती. म्हणाल्या, "वहिनी, ते पुसून टाक." मी आधी वाद घातला. खरं सांगते, घातला. म्हटलं, आईंचं हसणं आहे त्यात, मी कुणाला ऐकवणार नाही, कुलूप लावून ठेवते. त्या म्हणाल्या, "तू नाही ऐकवणार. पण तुझ्यानंतर?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग म्हटलं, एकदा या, दोघी मिळून ऐकू आणि मग पुसू. त्या आल्या. माझ्या स्वयंपाकघरातच बसलो. हसण्याच्या जागी नणंदबाई पण हसल्या, अगदी तशाच. संपल्यावर त्यांनी स्वतः बटण दाबलं. मग मी मुलाला बोलावून कॉम्प्युटरवरून, पेनड्राइव्हवरून आणि त्या डिलीट केलेल्याच्या डब्यातूनसुद्धा काढायला लावलं, कारण ते तिथे महिनाभर राहतं म्हणे. तेवढं हसणं सोडून द्यायचं का? कुणी म्हणेल, वहिनी, तुम्ही चुकलात. पण बोलणं त्यांचं होतं. मी फक्त फोन ठेवला होता.

आता आपल्या सोसायटीकडे. घरातल्या माणसांनंतर मी मैत्रिणींकडे वळले आणि मग खालच्या बाकावर. आपल्या गेटजवळच्या बाकावर संध्याकाळी जी मंडळी बसतात, त्यांचं बोलणं मी दोन वर्षांपूर्वी २६ जुलैला रेकॉर्ड केलं. विषय ठरलेला, २००५ चा पाऊस. सगळ्यांना विचारून, फोन मधे ठेवून. कोण ठाण्याहून रुळांवरून चालत आलं, कोण ऑफिसात टेबलावर झोपलं, कुणाच्या घरात अकरा परकी माणसं मुक्कामाला होती. आणि मग प्रश्न आला, दुसऱ्या दिवशी सोसायटीत दूध कुणी आणलं? ए विंगमधले काका म्हणाले, मी आणलं, कमरेएवढ्या पाण्यातून. सी विंगमधले काका म्हणाले, तुम्ही कुठले, तुम्ही तेव्हा पुण्याला होतात, मी आणलं. तिसऱ्या एकांनी तर किती पिशव्या ते पण सांगितलं. वीस मिनिटं हा वाद आहे. शेवटी डी विंगच्या आजी, ज्या तोपर्यंत काहीच बोलल्या नव्हत्या, म्हणाल्या, "दूध आलंच नव्हतं. माझ्याकडे दूध पावडरचा डबा होता. मीच कालवून मजल्यामजल्यावर पाठवलं."

(हशा)

हसा, पण आजी आता मुलाकडे बंगळुरूला गेल्यात. तो बाकावरचा आवाज आपल्याकडे आहे. त्यात ए विंग आणि सी विंगच्या काकांनी एकमेकांबद्दल दोन चांगली वाक्यंही बोललेली आहेत, हवी तर ऐकवते. पार्किंगचा प्रश्न मात्र तसाच आहे, तो माझ्या हातात नाही.

बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून जरा कामाचं सांगते. वेगळं मशीन लागत नाही, फोनमध्ये रेकॉर्डर असतो. फोन स्टीलच्या ओट्यावर ठेवू नका, खाली घडी केलेला टॉवेल घाला. पंखा बंद करा, निदान बारीक करा. फ्रीजपासून लांब बसा, आपल्याला त्याची घरघर ऐकू येत नाही, फोनला येते. फोन फ्लाइट मोडवर टाका. नाहीतर नेमकं आजोबा पहिल्यांदा आजीबद्दल काहीतरी बोलायला लागतात आणि कर्जाच्या ऑफरचा फोन येतो. हे झालेलं आहे, मी कल्पनेनं सांगत नाही. सुरुवातीला आजची तारीख आणि कोण कोण बसलंय हे बोलून टाका. आता वाटतं काय गरज, पण नातवंडांना आवाज ओळखू येणार नाहीत. फाईलला नाव द्या. 'रेकॉर्डिंग १७' यावरून काही कळत नाही. आणि तीन ठिकाणी ठेवा, त्यातली एक जागा दुसऱ्या गावातली असू दे. हे मी चिपळूणवरून शिकले.

व्हॉट्सअ‍ॅपवर आईचे, काकांचे व्हॉइस मेसेज असतात, "पोचलास का रे, जेवलास का", ते पुसत जाऊ नका. फोन बदलण्याच्या आधी बाजूला काढून ठेवा. आपल्याला वाटतं खास बोलणं ठेवावं. मला विचाराल तर मला अण्णांचा उपदेश नको आहे. पागोळ्यांखालची बादली पुरते.

आणि भांडायला बसू नका. फोन चालू करून "तेव्हा तुम्ही मला असं का म्हणालात" असं विचारलं तर ते बोलणं राहत नाही, कोर्ट होतं. माझ्याकडून थट्टेत विचारलं गेलं म्हणून मला उत्तर मिळालं. ठरवून विचारलं असतं तर सासूबाई म्हणाल्या असत्या, "मला आठवत नाही."

ज्यांच्याकडे जुन्या कॅसेट असतील त्यांनी दिवाळीच्या सुट्टीत कुठल्याही रविवारी चारनंतर बी विंगमध्ये माझ्याकडे या. प्लेअर आहे, वायर आहे, मुलगा शिकवून गेलाय. कॅसेट बरेच वर्षांत वाजवली नसेल तर एकदम प्लेअरमध्ये घालू नका, फीत अडकते. आधी पेन्सिल घालून थोडी फिरवून बघा. लग्नाची, बारशाची, मुंजीची, गल्फमधून आलेली, काहीही चालेल. गाण्यांची असली तरी आणा. गाणी संपल्यावर पुढे काय आहे ते बघू.

आमच्या ह्यांचं सांगते आणि थांबते. सासूबाईंची एकतीस रेकॉर्डिंग्ज होती माझ्याकडे. त्या गेल्यावर दीड वर्ष ह्यांनी एकही ऐकलं नाही. मी लावलं की उठून गॅलरीत जायचे. मग एका दुपारी मी बाजारातून आले तर हे हॉलमध्ये माझा फोन घेऊन बसलेले. एक लावत होते, चार-पाच सेकंद ऐकत होते, बंद करत होते, दुसरं लावत होते. मला वाटलं, काहीतरी शोधतायत. जवळ जाऊन ऐकलं तर प्रत्येक वेळी तेच येत होतं. आधी सासूबाईंचं जरा खोकणं, आणि मग, "चालू झालं का ते?" पुढचं लावत नव्हते. मी विचारलं, पूर्ण ऐकायचं नाही का? म्हणाले, "ऐकू. घाई काय आहे."

अजून ऐकलेलं नाही.

दूध झालं वाटतं, वेलचीचा वास आला. पेले पुढच्या रांगेपासून द्या, मागे मुलं आहेत त्यांना जरा कोमट करून. आणि बाळा, तो माझा फोन माईकजवळ ठेवलाय ना, तो बंद कर आता.